चाळणीत काय राहिलं?

आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी जून महिन्यात मुलामुलींना शिक्षणासाठी थोडी मदत दिली जाते. मोठी संस्था नाही. चार-पाच जण आहेत. कुणी गॅरेजवाला, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी दुकानदार. लोकांकडून देणग्या गोळा करायच्या आणि फी भरायची, एवढंच काम. पूर्वी अर्ज कागदावर यायचे. मास्तर ते गादीवर पसरून बसायचे आणि एकेक वाचून तीन गठ्ठे करायचे. द्यायचे, नाही द्यायचे आणि विचारायचे. तिसरा गठ्ठा नेहमी सर्वांत मोठा असायचा.

मागच्या वर्षी मी म्हटलं, हे काम आता संगणकावर करू. मुलांनी मोबाईलवर फॉर्म भरायचा, माहिती आपोआप तक्त्यात जाईल, तिथून एक ऑटोमेशन सॉफ्टवेअर ती उचलेल, गाळणी लावेल आणि पात्र मुलांना संदेश पाठवेल. या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन ओढून एकमेकांना रेषांनी जोडायचे असतात. त्यातल्या एका चौकोनाचं नाव ‘फिल्टर’. मी दोन रात्री बसून शिकलो. अटी टाकल्या. वार्षिक उत्पन्नाचा रकाना रिकामा नसावा, त्यात संख्या असावी आणि ती अडीच लाखांपेक्षा कमी असावी. बटण दाबलं. ८४ अर्जांपैकी ६१ पलीकडे गेले. त्या ६१ जणांच्या मोबाईलवर संदेश वाजले. मास्तरांना मी अभिमानाने सांगितलं, पाच मिनिटांत झालं.

चौथ्या दिवशी एक बाई दारात आल्या. म्हणाल्या, “भाई, आमच्या गल्लीत सगळ्यांना मेसेज आला. माझ्या मुलीला नाही आला.” मी विचारलं, फॉर्म नीट भरला होता ना? त्या म्हणाल्या, “सगळा भरला. फक्त वडिलांचं उत्पन्न काय लिहायचं ते कळेना. ते तीन वर्षांपूर्वी गेले. म्हणून ती जागा सोडून दिली.”

मी संगणक उघडला आणि पहिल्यांदाच त्या २३ अर्जांकडे पाहिलं. नऊ जणांचं उत्पन्न खरोखरच मर्यादेपेक्षा जास्त होतं. आठ जणांनी उत्पन्न ‘१,२०,०००’ असं मराठी आकड्यांत किंवा ‘दीड लाख’ असं अक्षरांत लिहिलं होतं. सॉफ्टवेअरच्या लेखी ती संख्याच नव्हती. आणि सहा जणांनी रकाना रिकामा सोडला होता. त्या सहांपैकी चौघांचे वडील हयात नव्हते. ज्यांच्यासाठी ही मदत सुरू झाली, नेमके तेच माझ्या चाळणीबाहेर पडले होते. सॉफ्टवेअरने कुठेही चूक दाखवली नव्हती, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. मी सांगितलं तेच त्याने केलं.

त्या दिवसापासून मी या चाळणीचा इतिहास वाचू लागलो. माहिती गाळण्याची ही कल्पना आली कुठून? ती कुणी, कशासाठी घडवली? वाचताना लक्षात आलं की माझी चूक नवी नव्हती. आणि काही ठिकाणी या चाळणीने माझ्या चुकीपेक्षा फार भयंकर कामं केली आहेत.

सुरुवात तर्कशास्त्रापासून करावी लागते. १८४७ साली जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने एक छोटं पुस्तक लिहिलं आणि १८५४ साली त्याच विषयावर मोठं. माणसाचा विचार बीजगणितासारखा मांडता येईल, ही त्याची कल्पना. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे तीन शब्द त्याने गणिताच्या चिन्हांसारखे वापरले. आज कुठल्याही सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरमध्ये ‘सर्व अटी’ की ‘कोणतीही एक अट’ असं विचारलं जातं, ते बूलचंच देणं. त्याचा समकालीन मित्र ऑगस्टस डी मॉर्गन. याचा जन्म १८०६ साली आपल्याकडे मदुराईत झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. दिल्ली कॉलेजचे मास्टर रामचंद्र यांचं गणिताचं पुस्तक लंडनमध्ये छापून आणण्यात पुढाकार घेतला तो याच डी मॉर्गनने.

डी मॉर्गनच्या नावाने जे नियम ओळखले जातात ते न शिकता फिल्टर लावणारा माणूस एकदा तरी फसतोच. समजा तुम्हाला दहावीची आणि अकरावीची मुलं यादीतून वगळायची आहेत. सहज मनात येतं, ‘इयत्ता दहावी नाही किंवा इयत्ता अकरावी नाही’ अशी अट टाकू. टाकून पाहा. एकही मूल वगळलं जाणार नाही. दहावीचा मुलगा अकरावीत नसतो, म्हणून दुसरी अट त्याला आत घेते. अकरावीची मुलगी दहावीत नसते, म्हणून पहिली अट तिला आत घेते. तिथे ‘किंवा’ नव्हे, ‘आणि’ हवं. ‘नाही’ आत शिरलं की ‘किंवा’चं ‘आणि’ होतं, हेच डी मॉर्गनचं म्हणणं. बोलताना आपण हे दोन शब्द सैलपणे वापरतो, ऐकणारा समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही.

तर्क कागदावर होता. त्याला यंत्राचे हातपाय मिळाले ते अमेरिकेच्या जनगणनेत. १८८० च्या जनगणनेची आकडेमोड पूर्ण व्हायला जवळजवळ आठ वर्षं लागली. पुढची जनगणना तोंडावर आली तरी मागची संपेना. त्या कामावर असलेल्या हर्मन होलेरिथ नावाच्या तरुण अभियंत्याने भोकं पाडलेल्या कार्डांची युक्ती काढली. ही कल्पना त्याला रेल्वेच्या प्रवासात सुचली असं त्याने पुढे सांगितलं. त्या काळी तिकीट तपासनीस तिकिटाच्या कडेला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवत असत. केस कसे, डोळे कसे, नाक कसं. म्हणजे एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरू नये. माणसाचं वर्णन भोकांत करता येतं, ही गोष्ट होलेरिथने तिथे पाहिली.

१८९० च्या जनगणनेत सव्वासहा कोटींहून जास्त माणसांची कार्डं झाली. यंत्रात कार्ड ठेवायचं, दांडा खाली ओढायचा. सुया कार्डावर टेकायच्या. जिथे भोक असेल तिथून सुई पार होऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची आणि वीजमंडल पूर्ण व्हायचं. समोरच्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरकायचा. शेजारी खणांची पेटी असायची. योग्य त्या खणाचं झाकण आपोआप उघडायचं, त्यात कार्ड टाकून द्यायचं. तारा विशिष्ट पद्धतीने जोडल्या की यंत्र एकाच वेळी दोन-तीन गोष्टी पाहू शके. परदेशात जन्मलेला आणि पुरुष आणि अमुक वयाचा. बूलचा ‘आणि’ तांब्याच्या तारेत उतरला होता. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात बूलचं बीजगणित आणि विजेच्या स्विचांची मंडलं ही एकच गोष्ट आहे, हे नीट सिद्ध करून दाखवलं. होलेरिथने १८९६ साली काढलेली कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत मिळाली आणि १९२४ साली तिचं नाव आयबीएम झालं.

आपल्याकडे हेच काम हातांनी होत होतं. १९०१ च्या जनगणनेत चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी. चिठ्ठीचा रंग धर्माप्रमाणे ठरलेला. स्त्री की पुरुष, लग्न झालेलं की नाही, यासाठी वेगवेगळ्या खुणा. कारकून त्या चिठ्ठ्या खणांत टाकत आणि मग मोजत. होलेरिथचं यंत्र नव्हतं, पण चाळणी तीच होती. फक्त एक फरक लक्षात घ्या. या चाळणीत सर्वांत आधी डोळ्यांत भरणारी गोष्ट धर्म होती. पाहणाऱ्याला नाव वाचायच्या आधी रंग दिसत होता.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा इतिहास याच रकान्याचा आहे.

नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंदवही फार काटेकोर ठेवली जाई. प्रत्येक रहिवाशाचं कार्ड, त्यावर पत्ता, जन्म, कुटुंब आणि धर्म. वाईट हेतू नव्हता. शासन नीट चालावं, एवढाच. मे १९४० मध्ये जर्मनीने देश ताब्यात घेतला. १९४१ च्या सुरुवातीला ज्यूंनी वेगळी नोंदणी करावी असा हुकूम निघाला. ओळखपत्रं आली, आणि ती खरी की खोटी हे ताडून पाहायला नोंदवहीतली कार्डं तयारच होती. देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपातल्या व्याप्त देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. त्याला अनेक कारणं होती, पण नोंदवहीचा नेटकेपणा त्यातलं एक होतं.

२७ मार्च १९४३ च्या रात्री अॅमस्टरडॅममध्ये काही माणसं पोलिसांच्या वेषात नोंदणी कार्यालयात शिरली. त्यांचा एक म्होरक्या विलेम आरोंडियस हा चित्रकार आणि लेखक होता. त्यांनी पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन दिलं, कार्डांचे खण उपसून जमिनीवर ढीग केला आणि स्फोटकं लावून आग लावली. अग्निशमन दलाचे जवान मुद्दाम उशिरा आले आणि आल्यावर गरजेपेक्षा जास्त पाणी मारत राहिले, म्हणजे जळालं नाही ते भिजून जावं. कार्डांचा काही भागच नष्ट झाला. कटातले लोक पकडले गेले आणि जुलै १९४३ मध्ये आरोंडियससह बारा जणांना गोळ्या घातल्या. एका चाळणीला भोक पाडण्यासाठी बारा माणसांनी जीव दिला, असं मी या घटनेकडे पाहतो.

लोकशाही देशांत असं होत नाही, असं वाटत असेल तर अमेरिकेकडे पाहा. १९४० च्या जनगणनेत लोकांना सांगितलं होतं की तुमची माहिती गुप्त राहील. पर्ल हार्बरनंतर मार्च १९४२ मध्ये कायदा करून ती गुप्तता स्थगित झाली. जपानी वंशाचे लोक कोणत्या वस्तीत किती आहेत, याचे तक्ते जनगणना विभागाने सैन्याला पुरवले. सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत डांबली गेली. त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. १९८८ साली सरकारने माफी मागून भरपाई दिली आणि २००० साली जनगणना विभागाच्या प्रमुखांनी आपल्या विभागाच्या भूमिकेबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मग २००४ साली उघड झालं की त्याच विभागाने अरब वंशाच्या लोकांची शहरवार आणि पिनकोडवार आकडेवारी गृहसुरक्षा खात्याला काढून दिली होती. कायद्याने त्यात काही गैर नव्हतं, आकडे जाहीरच होते. पण ज्यांच्याबद्दल ते आकडे होते त्यांना काय वाटलं असेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता पुन्हा संगणकाकडे. पुढची मोठी पावलं अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये पडली. १९६४ साली डग मॅकइलरॉय यांनी एका टिपणात लिहिलं की बागेतल्या पाण्याच्या नळ्या जशा एकीला एक जोडतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ती सोय केली. तिला पाइप म्हणतात, आणि एका बाजूने माहिती घेऊन दुसऱ्या बाजूने बदललेली किंवा गाळलेली माहिती देणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे ‘फिल्टर’ हेच नाव पडलं. त्याच सुमारास थॉम्प्सन यांचा ग्रेप आला. मजकुरातल्या हव्या त्या ओळी तेवढ्या वेचून देणारा. बेल लॅब्जमधल्या एका सहकाऱ्याला अठराव्या शतकातले ८५ राजकीय निबंध तपासून त्यातले वादग्रस्त निबंध कुणी लिहिले ते शोधायचं होतं. तो मजकूर त्या वेळच्या संपादकात मावत नव्हता. त्या अडचणीतून ही वेगळी चाळणी निघाली, असं तिथले लोक सांगतात. आज आपण पडद्यावर चौकोन ओढून रेषांनी जोडतो, त्या रेषा म्हणजे मॅकइलरॉय यांची नळीच.

दुसरीकडे आयबीएममध्ये एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांत कशी ठेवावी याचा सिद्धांत मांडला. त्यावरून १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी जी भाषा केली तिला आज एसक्यूएल म्हणतात. कॉड यांना एक प्रश्न सतावत होता. रकान्यात काहीच नसेल तर? रिकामं म्हणजे शून्य नव्हे. रिकामं म्हणजे ‘माहीत नाही’. म्हणून या भाषेत खरं आणि खोटं यांच्या जोडीला तिसरं उत्तर आलं, अज्ञात. ‘उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी आहे का?’ असं रिकाम्या रकान्याला विचारलं तर उत्तर ‘माहीत नाही’ असं येतं, आणि चाळणी फक्त ‘खरं’ला आत घेते. गंमत अशी की उलट प्रश्न विचारला, ‘उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी नाही, असं आहे का?’ तरीही उत्तर ‘माहीत नाही’च. म्हणजे तो माणूस गरिबांच्या यादीत नाही आणि श्रीमंतांच्या यादीतही नाही. दोन्ही याद्या जोडल्या तरी एकूण संख्या जमत नाही. हे वाचलं तेव्हा मला ती दारात उभी राहिलेली बाई आठवली. तिची मुलगी त्या तिसऱ्या उत्तरात अडकली होती.

पुढचा इतिहास सोपेपणाचा आहे. २००७ साली याहू पाइप्स आलं. त्यात फिल्टरचा चौकोन होता, आणि जुळणाऱ्या गोष्टी आत घ्यायच्या की अडवायच्या, अटी सगळ्या लागू की कोणतीही एक, एवढंच निवडायचं. २०१५ मध्ये ते बंद पडलं, पण कल्पना टिकली. २०११ साली झेपियर सुरू झालं, २०१९ मध्ये बर्लिनहून एनएटएन आलं. या एनएटएनमध्ये दोन वेगळे चौकोन आहेत, आणि हा फरक प्रत्येक शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. ‘फिल्टर’मध्ये अट पूर्ण करणारे पुढे जातात आणि बाकीचे गळून पडतात. ‘इफ’मध्ये दोन वाटा फुटतात, एक अट पूर्ण करणाऱ्यांची आणि दुसरी न करणाऱ्यांची. माझी चूक इथेच झाली होती. मी गळू दिलं. वाट फोडायला हवी होती.

या वर्षी मी बांधणी बदलली. आधी आकडे एकसारखे केले. मराठी आकडे इंग्रजीत बदलायचे, स्वल्पविराम काढायचे, आणि मगच तुलना करायची. नावांसाठीही तेच. इंग्रजीत शेख तीन-चार प्रकारे लिहितात, मोहम्मद तर दहा प्रकारे, शिवाय ‘मोहं.’ हे छोटं रूप वेगळंच. म्हणून एकच मुलगा दोनदा आला आहे का हे नावावरून न पाहता मोबाईल क्रमांक आणि जन्मतारखेवरून पाहायचं ठरवलं. मग तीन वाटा केल्या. पात्र, अपात्र आणि विचारायचे. रिकामा रकाना, न कळणारा आकडा, काहीही शंका असली की अर्ज तिसऱ्या वाटेला जातो आणि त्याची यादी मास्तरांच्या मोबाईलवर येते. शेवटी तिन्ही वाटांची बेरीज आलेल्या अर्जांएवढी भरते का, हे यंत्रच तपासतं. न भरल्यास एकही संदेश जात नाही.

आणि फॉर्ममधला एक रकाना मी काढून टाकला. कुठल्याशा जुन्या फॉर्मवरून उतरवताना ‘धर्म’ आणि ‘जात’ हे दोन्ही आपसूक आले होते. आम्हाला त्यांचा उपयोग नव्हता. मदत गरजेवर दिली जाते. दुकानदार चाचा म्हणाले, “असू दे की, कुठे बिघडतंय?” मी त्यांना अॅमस्टरडॅमची गोष्ट सांगितली. ते काही वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “काढ.”

घरात अम्मी पीठ चाळायची तेव्हा चाळणीत उरलेला कोंडा कधी फेकत नसे. तो बाजूला काढून एकदा हाताने चाचपून बघायची, मग कोंबड्यांना टाकायची. मास्तरांना मी तिसऱ्या वाटेची यादी दाखवली तेव्हा ते हसले. म्हणाले, “हा तर माझा तिसरा गठ्ठा.” मी म्हटलं, हो मास्तर, तोच. तो मागच्या वर्षी मी विसरलो होतो.

त्या बाईंच्या मुलीची फी उशिरा का होईना भरली गेली. या वर्षी तिने फॉर्म पुन्हा भरला आहे. उत्पन्नाच्या रकान्याखाली मी आता एक ओळ लिहिली आहे : वडील हयात नसतील तर तसं लिहा, जागा रिकामी सोडली तरी चालेल, आम्ही फोन करू. तिने जागा रिकामी सोडली आहे. मास्तरांनी फोन केला.